स्लॅबवरची शाकारणी

मे महिन्याचा तिसरा आठवडा, सकाळचे साडेनऊ. पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यातल्या एका आरोग्य संस्थेच्या मागच्या भिंतीला मिस्त्रींनी बांबूची शिडी टेकवली, तिच्या पायाशी दोन दगड सारले आणि हलवून बघितली. इमारत पक्की, नुकती रंगवलेली, दारात कोनशिला. पण गच्चीवर जायला जिना नाही. शिडी शेजारच्या पाड्यावरून मागून आणलेली. चार पायऱ्या चढून मिस्त्री थांबले आणि खाली बघून म्हणाले, "ताई, जिना नसला की वर कोणी येत नाही. वर कोणी आलं नाही की मशीन मरतं. बाकीची कारणं त्याच्या नंतरची."

या लेखासाठी मी जव्हार-मोखाड्यात तीनदा गेले. एकदा वैशाखात, एकदा आषाढात आणि एकदा पाऊस सरल्यावर. तिन्ही वेळा या मिस्त्रींच्या मागे मोटारसायकलवर बसून फिरले. नाशिकच्या आयटीआयमध्ये दोन वर्षे रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा ट्रेड शिकून ते जव्हारला परतले. दवाखाने, बँकांच्या शाखा, एटीएम, पेट्रोल पंपाची ऑफिसे, औषधांची दुकाने, आश्रमशाळा, जिथे थंड किंवा गरम करणारे यंत्र आहे तिथे त्यांचा फोन नंबर भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेला असतो. त्यांचे नाव मी देत नाही, ज्या इमारतींवर आम्ही चढलो त्यांचीही देत नाही. जे दिसले ते एका इमारतीपुरते नाही.

वर तीन आउटडोअर युनिट होते. एक शस्त्रक्रियागृहाचे, एक प्रयोगशाळेचे, एक औषध भांडाराचे. गेल्या पावसाळ्यातले शेवाळ वाळून काळे पडले होते. आंब्याची पाने, कावळ्याने आणलेल्या तारा आणि काटक्या, कोपऱ्यात फुटक्या टाकीचा तुकडा. तक्रार शस्त्रक्रियागृहाच्या एसीची होती. सकाळी थंड करतो, अकरा वाजले की बंद पडतो. दोन दिवसांनी कुटुंब नियोजन शस्त्रक्रियांचे शिबिर होते.

मिस्त्रींनी गॅसचा दाब मोजणारे गेज जोडले नाही, पाना काढला नाही. आधी युनिटच्या पाठीमागे हात धरला, मग पुढे. मग थर्मामीटर लावला. गच्चीवरची हवा ३९ अंश, पण यंत्राच्या पाठीत शिरणारी हवा ४७. एकामागे एक बसवलेल्या दोन युनिटांपैकी एकाने फेकलेली गरम हवा दुसरे ओढून घेत होते. शिवाय मागची जाळी धुळीने आणि सावरीच्या कापसाने भरून गोधडीसारखी झाली होती.

"या मशीनवर दीड टन लिहिलंय ना," ते म्हणाले, "ते ३५ अंशाच्या हवेतलं. सत्तेचाळीस अंशाची हवा पाजली तर ते दीड टन कुठून देणार?"

### गवताचे छप्पर आणि सिमेंटचा स्लॅब

या भागाला छप्पर सांभाळणे नवे नाही. जव्हार-मोखाड्यात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या पाड्यांवरची जुनी घरे कारवीच्या कुडाची, शेणमातीने लिंपलेली, वर गवताचे किंवा पेंढ्याचे छप्पर. असे घर एकदा बांधून होत नाही, ते दर वर्षी बांधावे लागते. रोहिणी नक्षत्र लागायच्या आधी कुजलेला पेंढा काढायचा, वासे ठोकून बघायचे, वाळवी लागलेला बदलायचा, नवे गवत अंथरायचे. कौले आली तेव्हा ती चाळायची, फुटकी बदलायची. या कामाला मराठीत शाकारणी म्हणतात. शेजारी हाताला यायचे, संध्याकाळी एकत्र जेवण व्हायचे. शाकारणीसाठी कोणाच्या मंजुरीची गरज नव्हती. न केल्यास काय होते ते पहिल्याच पावसात डोक्यावर गळत असे.

मग सिमेंटचे पत्रे आले, स्लॅब आला. स्लॅबला दर वर्षी काही करावे लागत नाही अशी समजूतही त्याच्याबरोबर आली. त्याच स्लॅबवर आता एसीची आउटडोअर युनिट आहेत, सौर पॅनेल आहेत, सौर बंब आहेत, पाण्याच्या टाक्या आहेत. छपरावर आज कधी नव्हे इतकी यंत्रे आहेत आणि छपरावर चढणारा माणूस कधी नव्हे इतका कमी झाला आहे. शाकारणी हा शब्द आपण गवताबरोबर टाकून दिला, ही चूक झाली. या लेखात मला एवढेच सांगायचे आहे.

### उष्णतेचा हमाल

एसी थंडी बनवतो असे आपण सहज म्हणतो. खरे काम हमालीचे आहे. तांब्याच्या नळीतून फिरणारा गॅस खोलीत येऊन उष्णता उचलतो, वर गच्चीवर नेतो, तिथे टाकतो आणि रिकामा होऊन परत येतो. कंप्रेसर म्हणजे त्याचे पाय. खोलीतल्या कॉइलमध्ये तो द्रवाचा वायू होतो आणि होताना उष्णता शोषतो. गच्चीवरच्या कॉइलमध्ये दाबाखाली त्याचा पुन्हा द्रव होतो आणि तिथे उष्णता सुटते. आता गच्चीवर ओझे टाकायला जागाच नसेल, जाळी कोंडलेली असेल, भोवतालची हवाच तापलेली असेल, तर हमाल डोक्यावर ओझे घेऊन उभा राहतो. दाब वाढतो, कंप्रेसर जास्त वीज खातो, तापतो आणि जळण्याआधी स्वतःला बंद करून घेतो. त्यालाच आपण ट्रिप झाला म्हणतो. तासाभराने निवतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा ट्रिप. शस्त्रक्रियागृहातल्या एसीचे नेमके हेच चालले होते.

'टन' या शब्दाचा उगमही बर्फाच्या हमालीत आहे. यंत्रे येण्याआधी थंडावा म्हणजे बर्फ. १८३३ साली बोस्टनच्या परिसरातल्या तळ्यांचा बर्फ जहाजाने कोलकात्याला पोचला होता. यंत्राने गारवा करता येऊ लागला तेव्हा त्याची ताकद मोजायला लोकांनी ओळखीचे माप घेतले: एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता खातो, तेवढी जे यंत्र खाईल ते एक टनाचे. म्हणजे साडेतीन किलोवॉट. १९०२ साली विलिस कॅरिअर या तरुण अमेरिकन इंजिनिअरने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हवेतला दमटपणा काबूत ठेवणारी यंत्रणा आखली. दमट हवेत कागद फुगायचा आणि रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत, एवढीच अडचण होती. माणसाच्या सुखाचा विचार नंतर आला. मुंबईत १९३३ साली उघडलेले रीगल चित्रपटगृह वातानुकूलित होते. त्या शहरापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या मोखाड्यात एसी आला तो मात्र सुखासाठी आला नाही. तो औषधासाठी, यंत्रासाठी आणि जखमेसाठी आला.

### आधी हवा, मग वीज, शेवटी गॅस

मिस्त्रींचा एक क्रम ठरलेला आहे आणि तो ते हाताखालच्या पोरांकडून पाठ करून घेतात. आधी हवा, मग वीज, शेवटी गॅस.

हवा म्हणजे आतला फिल्टर, आतली कॉइल, पंखा, गच्चीवरची जाळी आणि तिच्या भोवतालची मोकळी जागा. आत शिरणारी हवा आणि बाहेर पडणारी थंड हवा यांत आठ ते बारा अंशांचा फरक असावा. तो नसेल तर पहिला संशय फिल्टरवर. फिल्टर कोंडला की आतल्या कॉइलवर बर्फ धरतो, आणि बर्फ दिसला की लोक म्हणतात, मशीन फार थंड करतंय.

वीज म्हणजे व्होल्टेज, कॅपॅसिटर, कॉन्टॅक्टर आणि सैल झालेले जोड. घरगुती वीज २३० व्होल्टची समजली जाते. त्या दिवशी गच्चीवर मीटरने १८२ दाखवले. व्होल्टेज पडले की मोटर तेच काम करायला जास्त अँपिअर ओढते, आणि वेटोळे तापून कायमचे जाते. म्हणून इथे स्टॅबिलायझरशिवाय एसी लावणे म्हणजे पेरणी करून बांध न घालणे. शस्त्रक्रियागृहाच्या युनिटचा कॅपॅसिटर काढला तर त्याचे टोपण फुगलेले. त्यावर ४५ मायक्रोफॅरड लिहिलेले, मीटरवर ३१ भरले. कंप्रेसरला उठताना जो धक्का हवा असतो तोच कमी पडत होता. बदलायचा भाग काही शे रुपयांचा. तो वेळेत बदलला नाही तर हजारोंचा कंप्रेसर जातो.

शेवटी गॅस. हा क्रम उलटा करून कित्येक जण पोट भरतात. फोन केला की येतात आणि पाच मिनिटांत सांगतात, गॅस संपलाय. गॅस ही पेट्रोलसारखी संपणारी वस्तू नाही. तो बंद नळीत फिरतो, दहा वर्षांनीही तेवढाच असायला हवा. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. जोडापाशी तेलाचा डाग दिसतो, साबणाच्या फेसाला बुडबुडा येतो. गळती शोधायची, पितळेचा नट नीट बसवायचा किंवा ब्रेझिंग करायचे, नायट्रोजनचा दाब भरून तो टिकतो का बघायचे, मग व्हॅक्यूम पंप लावून नळीतली हवा आणि ओल ओढून घ्यायची आणि मगच वजन करून गॅस भरायचा. ओल आत राहिली तर तेलाशी मिळून आम्ल होते आणि कंप्रेसर आतून खाते. गळती तशीच ठेवून दर उन्हाळ्यात गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीला रोज विहिरीवर नेणे.

आता जाळी धुवायची होती आणि तिथे मोखाड्याचा मे महिना आडवा आला. धुवायला दोन बादल्या पाणी लागते. गावात टँकरची वाट बघणे चालू होते. सिस्टरांनी स्पष्ट सांगितले, "मिस्त्री, प्रसूतीच्या खोलीला पाणी पुरवून उरलं तर देते." मिस्त्री हसले. आदल्या संध्याकाळी येऊन त्यांनी प्रयोगशाळेच्या एसीच्या ड्रेन पाइपखाली वीस लिटरचा कॅन लावून ठेवला होता. रात्रभर चाललेल्या एसीने हवेतून काढलेले पाणी त्यात साठले होते. पाऊण कॅन. स्वच्छ, क्षार नसलेले. आधी मऊ ब्रशने कापूस काढला, मग आतून बाहेर अशा दिशेने धार मारली, कारण बाहेरून मारली तर मळ आणखी आत बसतो. वाकलेल्या पात्या कंगव्यासारख्या हत्याराने सरळ केल्या. दुसऱ्या युनिटचे तोंड फिरवून बसवले. साडेबाराला यंत्र सुरू झाले. दोन वाजता खाली शस्त्रक्रियागृहात २२ अंश होते, आणि वर आम्ही दोघे टाकीच्या सावलीत भाकरी खात होतो.

### आषाढ: पाल, पाणी आणि लस

दुसऱ्यांदा गेले तेव्हा मोखाडा धुक्यात बुडाला होता. सूर्यमाळच्या बाजूला दहा फुटांवरचे दिसत नव्हते. पावसाळ्यात एसीचे काम कमी असेल असे मला वाटले होते. मिस्त्री म्हणाले, उन्हाळ्यात मशीन दमतं, पावसाळ्यात ते आजारी पडतं.

कारणे त्यांनी एका गच्चीवर दाखवली. लोखंडी स्टँड गंजून एका पायाने खचला होता, त्यामुळे युनिट कलले होते आणि त्याच्या थरथरीने तांब्याची नळी भिंतीवर घासत होती. तिथेच एक दिवस गळती होणार. नळी खाली नेण्यासाठी स्लॅबला पाडलेले भोक नुसते सिमेंटने बुजवलेले, त्यातून पाणी झिरपून खालच्या खोलीत भिंत फुगली होती. खालचे लोक म्हणत होते, एसी गळतोय. नळीवरचे काळे फोमचे आवरण उन्हाने भुसभुशीत होऊन खारींनी कुरतडले होते. विजेची पेटी उघडली तर आत कॉन्टॅक्टरच्या दोन पट्ट्यांमध्ये वाळलेली पाल. उबेसाठी आत शिरलेली पाल दोन फेज जोडते, स्वतः मरते आणि यंत्रही मारते. पावसाळा सरता सरता त्याच पेटीत गांधीलमाश्या घर करतात. कंपनीच्या पुस्तकात हे कुठे नसते. मिस्त्रींचा उपाय साधा: केबल शिरते ते भोक रबराच्या बुचाने बंद करायचे आणि पेटीला बारीक जाळी.

याच पावसात मी आरोग्य केंद्रातली ती खोली पाहिली, जिच्यासाठी हे सगळे लिहावेसे वाटले. भिंतीपासून थोडी सुटी ठेवलेली, वरून उघडणारी दोन पांढरी पेटाऱ्यांसारखी यंत्रे. एक आयएलआर, म्हणजे भिंतींत बर्फाचे अस्तर असलेला फ्रीज. दुसरा डीप फ्रीजर, बर्फाच्या पट्ट्या गोठवण्यासाठी. १९८५ साली देशात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला तेव्हापासून लस गावापर्यंत पोचवायची एक साखळी आहे. तिची मुख्य अट एकच, कारखान्यापासून बाळाच्या दंडापर्यंत बहुतेक लसींचे तापमान २ ते ८ अंशांत राहिले पाहिजे. आयएलआर वरून उघडतो, कारण थंड हवा जड असते. झाकण वर असले की ती सांडत नाही. दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी अस्तरातला बर्फ उरलेले सोळा तास निभावतो. वीज सतत जाणाऱ्या प्रदेशासाठी केलेली ही हुशार रचना आहे.

पण रचना हुशार असली तरी ती सांभाळावी लागते. गोवर आणि पोलिओची लस उष्णतेने बिघडते. पेंटाव्हॅलंट आणि हिपॅटायटिस-बी यांना थंडीही मारते, एकदा गोठल्या की निकामी. कुपीवरचा रंग बदलणारा ठिपका उष्णता लागल्याचे सांगतो, गोठल्याचे सांगत नाही. म्हणून थर्मोस्टॅट बिघडून फ्रीज जास्त गार झाला तरी धोका तेवढाच. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारे ऑक्सिटोसिनही २ ते ८ अंशांतच राहायला हवे. ते उन्हात दुबळे झाले तर इंजेक्शन दिले जाते, नोंद होते, आणि बाई मात्र वाचेलच असे नाही. यंत्र बिघडल्याचे हे मरण कुठल्याच कागदावर यंत्राच्या नावे लिहिले जात नाही.

तिथल्या सिस्टर दिवसातून दोनदा, सकाळ-संध्याकाळ, तापमान वहीत लिहितात. "रविवारीपण?" मी विचारले. "लसीला रविवार कळत नाही ताई," त्या म्हणाल्या. दिवाळी झाली की इथली कुटुंबे वीटभट्ट्यांवर, भिवंडी-वसईच्या बांधकामांवर जातात. बाळाचा एक डोस चुकला तर ते बाळ पुन्हा होळीलाच भेटते. म्हणून डोसच्या दिवशी फ्रीज बंद असून चालत नाही.

१९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. त्यानंतर या डोंगरांत इमारती आल्या, यंत्रे आली, योजना आल्या. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. या सगळ्याची फळे पाड्यांवर टिकायची असतील तर ती मोठ्या प्रमाणात अशा वहीवर आणि अशा शिडीवर टिकतील.

### एकाच स्लॅबखाली ऊब आणि गारवा

दवाखान्याच्या इमारतीची एक गंमतशीर अडचण आहे. शस्त्रक्रियागृहाला २१ अंशांच्या आसपासची कोरडी हवा हवी. नवजात बाळांच्या कक्षाला २६ ते २८. कमी वजनाचे बाळ स्वतःची ऊब धरू शकत नाही, त्याच्या अंगावरून थंड झोत गेला तर दूध ओढायची ताकदही त्याला राहत नाही. एका यंत्राची डक्ट दोन्हीकडे नेऊन भागत नाही. सूर्यमाळच्या बाजूला पौषातली रात्र झोंबते, तेव्हा गरम ठेवणारे यंत्रही थंड ठेवणाऱ्याइतकेच मोलाचे होते.

ऊब देणारे दुसरे यंत्र आश्रमशाळांच्या छपरांवर आहे, सौर बंब. जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाखाली जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा हे तालुके येतात, आणि इथल्या वसतिगृहांत डिसेंबरच्या पहाटे शेकडो मुले आंघोळीला उभी असतात. काचेच्या दुहेरी नळ्यांचा बंब तसा भोळा असतो, त्याला कंप्रेसर नाही, मोटर नाही. नळीतले पाणी तापते, हलके होऊन टाकीत चढते, जड थंड पाणी खाली येते. पण त्यालाही शत्रू आहेत. बोअरच्या पाण्यातला क्षार आत थर धरतो, वरची हवा सोडायची नळी तुंबली की पाणी चढत नाही. सगळ्यांत वाईट म्हणजे मे महिन्याची सुट्टी. मुले घरी जातात, पाणी कोणी काढत नाही, बंब उकळत राहतो. त्यातच टाकी रिकामी झाली, आणि कोरड्या तापलेल्या नळीत जूनमध्ये कोणी थंड पाणी सोडले, की काच तडकते. एक नळी फुटली की सगळी टाकी वाहून जाते. उपाय फुकटातला आहे: सुट्टी लागताना नळ्यांवर गोणपाट टाकायचे. आम्ही ज्या शाळेत गेलो तिथे अर्धी नळीमाळ फुटलेली होती आणि मागच्या अंगणात चुलीवर हंडे चढले होते. लाकूड मुलेच आणतात. मिस्त्रींनी शिपायाला गोणपाटाची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "हे आधी कोणी सांगितलंच नाही, दादा."

### वैतरणेचे पाणी, मुंबईच्या गच्च्या

मोखाड्याच्या गच्चीवरून मुंबईची गच्ची दिसत नाही, पण नाते आहे. मुंबईच्या तलावांतली ऊर्ध्व वैतरणा, मोडक सागर आणि मध्य वैतरणा ही धरणे इथल्याच वैतरणा नदीवर आहेत. मध्य वैतरणेची भिंत १०२ मीटर उंच. पावसाळ्यात इथे कोसळणारे पाणी शहरात जाते आणि मार्चनंतर काठावरचे पाडे हंडे घेऊन उतरतात.

शहरातल्या मोठ्या व्यापारी इमारतींच्या माथ्यावर कूलिंग टॉवर असतात. तळघरातला किंवा गच्चीवरचा चिलर पाणी गार करतो, आणि इमारतीची उष्णता टॉवरमध्ये पाण्याची वाफ करून आकाशात सोडली जाते. हिशेब अवघड नाही. एक टन गारव्यामागे ताशी साधारण साडेसहा लिटर पाणी उडून जाते. ५०० टनांची यंत्रणा पूर्ण भाराने दहा तास चालली तर सुमारे ३२ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे तीन टँकर, एका दिवसात एका गच्चीवरून. क्षार वाढू नये म्हणून सोडून द्यावे लागणारे पाणी वेगळे. टॉवरमधली जाळी आणि नळ्या क्षाराने भरल्या, तर तेवढ्याच गारव्याला वीज आणखी लागते. पाणी साचून शेवाळले तर लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढून तुषारांबरोबर माणसांच्या फुप्फुसात जातात. म्हणून शहरातल्या गच्चीची निगा ही केवळ त्या इमारतीच्या मालकाची बाब नाही. तिथे सांडपाणी शुद्ध करून वापरले, टॉवर स्वच्छ ठेवला, थर्मोस्टॅट २४ वर ठेवला, तर त्या धाग्याचे दुसरे टोक वैतरणेच्या काठी आहे. १ जानेवारी २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या स्टार लेबलच्या खोली-एसींचे मूळ तापमान २४ अंशांवर लावून येते, ते याच समजुतीने.

गॅसचेही तसेच. जुन्या यंत्रांतल्या आर-२२ ने ओझोनच्या थराला इजा होते म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो टप्प्याटप्प्याने हद्दपार होतो आहे. तो एक किलो हवेत सोडला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने १,८१० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी धग धरून ठेवतो. नव्या यंत्रांतला आर-३२ त्याच्या मानाने बराच सौम्य, पण तो थोडा पेट घेणारा आहे. म्हणजे मिस्त्रीच्या हातातली ज्योत आता अधिक जपून वापरायला हवी आणि त्याचे शिक्षण पुन्हा व्हायला हवे. आमच्या मिस्त्रींनी गॅस काढून साठवायचे यंत्र नाशिकहून भाड्याने आणले होते. "हवेत सोडणं सोपं आहे. पण पाऊस बिघडला तर पहिला फटका आमच्याच भाताला," ते म्हणाले.

### मान कोणाचा?

९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. त्याच वर्षी २३ एप्रिलच्या पहाटे आमच्याच पालघर जिल्ह्यात, विरारमधल्या एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून किमान तेरा रुग्ण दगावले. आग एसीपासून सुरू झाल्याचे तेव्हा समोर आले. अशा घटनांनंतर तपासण्यांचे आदेश निघतात, अग्निशामक नळकांडी येतात. पण सैल झालेला जोड आदेशाने घट्ट होत नाही. तापून काळी पडलेली वायर दिसायला कोणीतरी झाकण उघडावे लागते.

यंत्र घेण्याची आपली व्यवस्था मजबूत आहे: निविदा, बसवणी, उद्घाटन, फोटो. सांभाळण्याची व्यवस्था कागदी असते. वार्षिक देखभालीचा करार दूरच्या शहरातल्या कोणाशी तरी होतो. तिथला माणूस घाट चढून यायला चार दिवस घेतो, आणि आला की खालूनच फिल्टर झटकून सही घेतो. करारात गच्चीचा उल्लेख नसतो. स्थानिक मिस्त्रीला बोलावले तर त्याचे बिल कुठल्या रकान्यात घालायचे हे कोणाला ठाऊक नसते, म्हणून त्याचे पैसे महिनोन्‌महिने थकतात. तरी तो येतो, कारण त्याची बहीण याच दवाखान्यात बाळंत होणार असते.

मोखाड्याचा बोहाडा, म्हणजे सोंगांचा उत्सव, ज्यांनी पाहिला आहे त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. देवांची आणि दैत्यांची ती सोंगे कोणीही उठून घेत नाही. कुठल्या सोंगाचा मान कोणत्या घराचा, हे पिढ्यांपासून ठरलेले असते. त्या जड मुखवट्यांची डागडुजी होते, रंग चढतो, आणि उत्सव संपला की ते जपून ठेवले जातात. मुखवटा तडकला तर गावाला ठाऊक असते की विचारायचे कोणाला. आपल्या स्लॅबवरच्या यंत्राला असे घर नाही. ते सगळ्यांचे आहे आणि म्हणून त्याच्याकडे कोणीच बघत नाही.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक सरकारी इमारतीच्या गच्चीला लोखंडी जिना असावा. रोहिणीच्या आधी एकदा आणि पाऊस सरल्यावर एकदा, अशी वर्षातून दोनदा शाकारणी व्हावी आणि तिला अंदाजपत्रकात स्वतःची ओळ असावी. तालुक्याच्या आयटीआयमधून निघालेल्या मुलामुलींना त्याच तालुक्यातल्या यंत्रांचे काम मिळावे, त्यांचे बिल महिन्यात निघावे. शीतसाखळीच्या दुरुस्तीचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आपल्या पुण्यातच आहे. तिथले ज्ञान शिडीच्या पायरीपर्यंत उतरावे. आणि कोनशिलेवर उद्घाटकाच्या नावाखाली एवढे लिहावे, की हे सांभाळणार कोण.

### आश्विन

तिसऱ्यांदा गेले तेव्हा नागली पिवळी पडली होती आणि ऑक्टोबरचे ऊन चटका देत होते. पुन्हा ती पहिली इमारत. शिडी त्याच पाड्यावरून आली, पण या वेळी शिडीबरोबर त्या घरातला सतरा-अठरा वर्षांचा मुलगाही आला. मे महिन्यात तो खाली उभा राहून बघत होता. आता तो मिस्त्रींच्या आधी वर चढला.

गच्ची झाडलेली होती. पावसाने जाळीत अडकवलेला कचरा मुलाने ब्रशने काढला. मिस्त्रींनी त्याच्या हातात मीटर दिला. तो काही क्षण थांबला, मग म्हणाला, "आधी हवा." मिस्त्री काही बोलले नाहीत, फक्त बाजूला सरकून बसले. मुलाने पाठीमागे हात धरला, मग पुढे. मग विजेची पेटी उघडली, व्होल्टेज बघितले, जोड दाबून पाहिले. गेज लागलेच नाही.

काम झाल्यावर मिस्त्रींनी पेटीच्या झाकणाची आतली बाजू मला दाखवली. तिथे काळ्या मार्करने तारखा होत्या, एकाखाली एक, दर वर्षाच्या दोन. मध्ये दोन वर्षे कोरी होती. त्या काळात करार दुसऱ्या कोणाकडे होता आणि गच्चीवर कोणी चढले नव्हते. शेवटची तारीख मे महिन्याची. मार्कर त्यांनी मुलाकडे दिला. मुलाने पत्रा बाहीने पुसला, आजची तारीख घातली आणि झाकण बसवून चारही स्क्रू आवळले.